किनाऱ्यालगतचे पाणी कोणाचे?

बारा सागरी मैलांपलीकडच्या समुद्रात मासेमारी कोणी करावी, कशी करावी आणि कोणाच्या परवानगीने करावी, यासंबंधीचे नियम केंद्र सरकारने ४ नोव्हेंबर २०२५ रोजी जारी केले. त्यांत मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना अग्रक्रम दिलेला आहे. प्रखर दिव्यांच्या उजेडात मासळी जमवून ती उपसण्यास आणि दोन नौकांनी मिळून एक जाळे फरफटत नेण्यास मनाई केलेली आहे. लहान पारंपरिक मच्छीमाराला नव्या प्रवेशपत्राच्या कटकटीतूनही मोकळे ठेवले आहे. हे सर्व योग्यच झाले, आणि आम्ही त्याचे मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु घराच्या मागचे आवार बंदिस्त करून पुढचा दरवाजा सताड उघडा ठेवावा, तशी आज आपल्या किनाऱ्याची अवस्था आहे. मालवणच्या तळाशीलचा रापणकर किंवा पालघरच्या किनाऱ्यावरचा लहान होडीवाला बारा मैलांपलीकडे सहसा जातच नाही. त्याचा संसार ओटीवरून दिसणाऱ्या पाण्यावर चालतो. त्या पाण्यात कोणी यावे आणि कोणी येऊ नये, हा त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी दिल्लीची नसून मुंबईची आहे.

याबाबतीत संविधानाने संदिग्धता ठेवलेली नाही. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत मत्स्यव्यवसाय हा २१ व्या क्रमांकाचा विषय आहे, तर प्रादेशिक समुद्रापलीकडील मासेमारी केंद्राच्या सूचीत ५७ व्या क्रमांकावर आहे. १९७६ च्या कायद्याने प्रादेशिक समुद्राची सीमा आधाररेषेपासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, अशी निश्चित केली. तेव्हा या २२ किलोमीटरांच्या पट्ट्यात जे काही बरेवाईट घडते त्याचे श्रेय अथवा दोष राज्य सरकारकडे जातो. "हा केंद्राचा विषय आहे" असे सांगून हात झटकण्याची सोय येथे कोणत्याही मंत्र्याला नाही.

हाच पट्टा इतका महत्त्वाचा का, हे शहरातल्या वाचकाला कदाचित एकदम उमगणार नाही. नद्यांनी आणलेला गाळ, खाड्यांची तोंडे, तिवरांची बने आणि उथळ, प्रकाशमान पाणी यांमुळे समुद्रातील सर्वांत सुपीक भाग किनाऱ्याला लागून असतो. अनेक जातींच्या मासळीची पिल्ले येथेच वाढतात. बांगडा आणि तारली यांचे थवे याच भागात येतात, जवळा येथेच मिळतो, आणि भरतीओहोटीच्या प्रवाहाबरोबर वाहत येणारा बोंबील येथल्याच डोलींत शिरतो. थोडक्यात, समुद्राची तिजोरी दाराजवळच ठेवलेली आहे. ज्याच्याजवळ मोठे इंजिन नाही, शीतगृह नाही, आठवडाभर पुरेल एवढे डिझेल आणि बर्फ विकत घेण्याची ऐपत नाही, अशा माणसाला निसर्गाने दिलेली ही सवलतच म्हणावयाची. ज्याच्याजवळ हे सारे आहे त्याला दूरचा समुद्र मोकळा आहे. तरीही तो दाराशीच येतो. कारण तेथे खर्च कमी आणि घबाड मोठे!

रापण कशी ओढतात ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना या व्यवसायाची घडण वेगळी सांगावयास नको. होडीतून जाळे अर्धचंद्राकार सोडीत नेतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणतात, आणि मग गावातील पन्नासपाऊणशे माणसे वाळूत पाय रोवून ते ओढू लागतात. जाळ्याला मालक एक नसतो, संघ असतो. आलेल्या मासळीचे वाटे पडतात, ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा मिळतो, आणि म्हातारी माणसे व निराधार विधवा यांचीही आठवण ठेवण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. या पद्धतीला समुद्राच्या मागे धावता येत नाही. मासळी किनाऱ्याला आली तरच रापणीला मिळणार, न आली तर दोर ओढून हाती येणार केवळ शेवाळ. डोलीचीही गोष्ट थोडीफार अशीच. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना पिशवीसारखे जाळे बांधून कोळी प्रवाहाची वाट पाहतो. जाळे जागच्या जागी असते आणि मासळीने चालत यावयाचे असते. दोन्ही पद्धतींचा जीव असा किनाऱ्यालगतच्या पाण्यात अडकलेला आहे. एखाद्या बलाढ्य नौकेने किनाऱ्यापासून चार मैलांवर बांगड्याचा सगळा थवा घेरला, तर त्या दिवशी वाळूवर उभ्या असलेल्या पाऊणशे घरांत चूल पेटण्याची पंचाईत होते. यालाच आपल्या प्राचीन राजनीतीने मत्स्यन्याय म्हटले, आणि तो थांबविण्यासाठी राजा हवा असे सांगितले. प्रत्यक्ष समुद्रातच तो चालू असताना राजदंड कोठे आहे, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला उद्धट म्हणता येणार नाही.

मोठ्या जाळ्यांची ही चढाई आजची नव्हे. स्वातंत्र्यानंतर अन्नोत्पादन वाढविण्याच्या सद्हेतूने सरकारनेच यांत्रिकीकरणाला हात दिला. १९५२ मध्ये नॉर्वेशी करार होऊन केरळच्या किनाऱ्यावर जो प्रकल्प सुरू झाला, त्याचा मूळ उद्देश गरीब मच्छीमाराचे जीवनमान सुधारणे हा होता. पुढे कोळंबीला परदेशात सोन्याचा भाव येऊ लागला, आणि सुधारणेचे गाडे निर्यातीच्या रस्त्याला लागले. ट्रॉलर तळ खरवडू लागले. त्यांच्या मागोमाग सत्तरीच्या दशकात पर्ससीन आली. हे जाळे मासळीच्या थव्याभोवती भिंतीसारखे उभे करतात आणि त्याच्या तळाच्या कड्यांतून ओवलेला दोर ओढून बटव्याचे तोंड आवळावे तसे ते आवळतात. थव्यातील एकही मासा सुटू नये, हेच त्या जाळ्याचे कौशल्य. हे कौशल्य किनाऱ्यापासून शंभर मैलांवर वापरले तर त्याला उद्योग म्हणावे; रापणीच्या तोंडावर वापरले तर काय म्हणावे, ते वाचकांनी ठरवावे.

या अन्यायाविरुद्ध पहिला संघटित आवाज उठला तो आपल्या शेजारच्या गोव्यात. १९७५ च्या सुमारास तेथील रापणकारांनी एकजूट उभारली. माथानी साल्ढाणा यांच्यासारखे पुढारी तिला लाभले, आणि किनाऱ्यापासून पाच किलोमीटरांच्या आत यंत्रनौकांना मासेमारी करू देऊ नये ही मागणी घेऊन ती माणसे वर्षानुवर्षे झगडली. त्यांच्या चळवळीतून देशभरच्या मच्छीमारांची संघटना उभी राहण्यास मोठी मदत झाली. अखेर १९८० मध्ये गोव्याने सागरी मासेमारीचा कायदा केला. केरळनेही त्याच वर्षी केला, आणि महाराष्ट्राने १९८१ मध्ये. केरळने तर पुढे १९८८ पासून पावसाळ्यात ट्रॉलरबंदी लागू केली. त्या वेळी ट्रॉलरवाल्यांनी केवढा गहजब केला! आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांची बंदी सर्वमान्य झालेली आहे, आणि तिच्याविरुद्ध बोलणारा माणूस शोधावा लागतो. आमच्या कोळ्यांनी नारळी पौर्णिमेपूर्वी दर्यात होडी न घालण्याचा जो दंडक शतकानुशतके पाळला त्यालाच अखेर सरकारी शिक्का मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

या प्रश्नाच्या न्यायालयीन बाजूकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण "धंदा करण्याचे स्वातंत्र्य" ही ढाल मोठ्या नौकांचे मालक सदैव पुढे करतात. केरळ सरकारने १९८४ मध्ये आपल्या संपूर्ण प्रादेशिक समुद्रात पर्ससीन व तत्सम जाळ्यांवर बंदी घातली. उच्च न्यायालयाने ती पूर्णपणे मान्य केली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९९३ मध्ये त्या न्यायालयाने बंदी उचलून धरताना सांगितले की दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण करणे हे राज्याचे संविधानप्रणीत कर्तव्य आहे आणि त्यासाठी धंद्यावर घातलेली अशी मर्यादा वाजवी ठरते. त्यानंतर कायद्याचा मुद्दा खरे तर निकालात निघाला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील पर्ससीनधारकांना अंतरिम सवलत दिली, असा दाखला अलीकडे आपल्याकडे आवर्जून दिला जातो. पण तो आदेश नीट वाचण्याची तसदी थोडेच घेतात. ती सवलत बारा मैलांपलीकडच्या समुद्रापुरती आहे. तीही आठवड्यातून सोमवार आणि गुरुवार या दोनच दिवशी, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ या वेळेत, आणि नौकेचा ठावठिकाणा कळविणारे यंत्र चालू ठेवण्याच्या अटीवर. बारा मैलांच्या आतल्या बंदीला त्या आदेशाने धक्का लावलेला नाही. जो आदेश किनाऱ्यालगतच्या पाण्याचे संरक्षण अधिकच स्पष्ट करतो, तोच त्याविरुद्ध फडकविणे यास धाडस म्हणावे लागेल.

आता महाराष्ट्राकडे वळू. १९८१ च्या कायद्याखाली आपल्या राज्याने मर्यादा घातल्या त्या पाण्याच्या खोलीवरून. किनाऱ्यापासून पाच वाव, काही भागात दहा वाव खोलीपर्यंत यांत्रिक ट्रॉलरना मज्जाव, आणि सहा सिलिंडरांहून मोठ्या इंजिनाच्या नौकांना प्रादेशिक समुद्रात बंदी, असा तो नियम. कागदावर हा विचार चांगला होता. पालघर आणि मुंबईचा समुद्र दूरवर उथळ आहे, सिंधुदुर्गाचा लवकर खोल होतो, आणि मासळी मैल मोजीत नाही, खोली ओळखते. पण ज्याला नियम पाळायचाच नाही त्याच्याशी भर समुद्रात दहा वाव की अकरा वाव असा वाद घालण्यासाठी सरकारजवळ ना नौका होत्या ना माणसे. वर्षानुवर्षे गस्त चालली ती थोड्या आणि बहुधा भाड्याच्या नौकांवर. आणि पकडणारा मंद व पळणारा वेगवान असला की त्या पाठलागाचा शेवट कोणालाही सांगता येतो. त्यातून एखादी नौका सापडलीच, तर दंडाचा हिशेब तिच्यावर मिळालेल्या मासळीच्या किमतीच्या पटीत. म्हणजे मासळी आधीच दुसऱ्या नौकेवर उतरवून टाकली की गुन्हाही हलका आणि दंडही हलका!

दरम्यान समुद्र रिता होत चालला. भारतीय मत्स्यव्यवसाय सर्वेक्षणाचे माजी महासंचालक डॉ. वि. सो. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पर्ससीनच्या परिणामांचा अभ्यास करून आपला अहवाल राज्य सरकारला दिला, आणि त्याला अनुसरून ५ फेब्रुवारी २०१६ रोजी सरकारने आदेश काढला. परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणावयाची, नवे परवाने द्यावयाचे नाहीत, आणि परवानाधारकांनीही ठराविक क्षेत्रात सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच काळात पर्ससीन चालवावयाची. पुढच्या वर्षी, १० नोव्हेंबर २०१७ ला, केंद्राने आपल्या अखत्यारीतील समुद्रात एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तरीही केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या गणनेनुसार २०१८ मध्ये सुमारे २ लाख ९५ हजार टन असलेले महाराष्ट्राचे सागरी मत्स्योत्पादन २०१९ मध्ये २ लाख १ हजार टनांवर घसरले. हा ४५ वर्षांतला नीचांक होता. त्या वर्षीच्या वादळांचा त्यात हात होता हे खरे. पण वादळे येतात आणि जातात, समुद्र आधीच ओरबाडलेला असला म्हणजे त्यांचा तडाखा दुप्पट लागतो.

२०२१ मध्ये राज्याने जुन्या कायद्यात दुरुस्ती केली, आणि ती करणाऱ्या सरकारला तिचे श्रेय दिले पाहिजे. निवाड्याचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले. जमीनमहसूल, निवडणुका आणि रेशनकार्डे यांत बुडालेल्या तहसीलदाराने पर्ससीनचा निवाडा करावा, ही जुनी व्यवस्था मुळातच हास्यास्पद होती. दंडाच्या रकमाही वाढल्या. बेकायदा पर्ससीनला पहिल्या गुन्ह्याबद्दल एक लाख, पुढे तीन व सहा लाख रुपये; एलईडीच्या मासेमारीला पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत. २०२५ च्या आरंभापासून किनाऱ्यावर ड्रोनही फिरू लागले आहेत. कायदा आहे, दंड आहे, आकाशात डोळा आहे. मग मालवणच्या समुद्रात पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांचे खटके का उडत राहतात? कर्नाटकातून येणारे वेगवान ट्रॉलर सिंधुदुर्गाच्या तोंडाशी येऊन गेल्याच्या तक्रारी दर हंगामात का होतात?

आमच्या मते याचे मूळ बारा मैलांच्या रेषेतच दडलेले आहे. पाण्यावर रेषा दिसत नाही. बंदरात परतलेल्या नौकेला हटकले तर तांडेलाचे उत्तर तयार असते: "ही मासळी बारा मैलांबाहेरची!" ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर पडतो, आणि तेथेच प्रकरण बारगळते. वास्तविक हा भार उलटा असावयास हवा. ज्या नौकेला प्रादेशिक समुद्रात पर्ससीनचा परवाना नाही, ती नौका डेकवर पर्ससीनचे जाळे आणि ते ओढणारे यंत्र घेऊन बंदरातून बाहेर पडते तरी कशी? ती बारा मैल ओलांडून जाणार असेल तर जावो. पण ती खरोखर गेली आणि वाटेत जाळे टाकले नाही, हे तिनेच दाखवावे. त्यासाठीचे साधन आता उपलब्धही झाले आहे. नौकेचे स्थान उपग्रहामार्फत कळविणारी एक लाख यंत्रे देशभरच्या मासेमारी नौकांवर बसविण्याची योजना पंतप्रधानांच्या हस्ते ३० ऑगस्ट २०२४ रोजी सुरू झाली, आणि तीही आपल्याच पालघरात. संकटकाळी मच्छीमाराचा जीव वाचविण्यासाठी हे यंत्र आहे हे खरे. पण मोठ्या नौकेवर ते बंद ठेवणे हाच गुन्हा मानला, तर रेषेचा वाद समुद्रावर न होता कचेरीत, नकाशा समोर ठेवून होईल. यंत्र बंद, तर डिझेलवरील कराचा परतावा बंद, एवढा साधा नियम केला तरी अर्धे काम भागेल असे आम्हांस वाटते. सरकारी सवलतीच्या डिझेलवर सरकारी कायदा मोडावयाचा, हा प्रकार जगात फारसा कोठे चालत नसेल.

पर्ससीनधारकांचे म्हणणे ऐकून न घेता निकाल देणे न्यायाचे होणार नाही. त्यांतील पुष्कळ जण परके भांडवलदार नव्हेत. याच किनाऱ्यावरच्या मच्छीमार समाजांतील आहेत. कर्जे काढून त्यांनी नौका बांधल्या, त्यांवर शेकडो खलाशी, अगदी नेपाळातून आलेलेसुद्धा, पोट भरतात. बांगड्यातारलीचे थवे फिरते असतात, आम्ही सोडले तर पुढच्या राज्यातले पकडतील, असेही ते सांगतात. आणि त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? परंतु या युक्तिवादातून निष्पन्न होते ते एवढेच की शेजारच्या राज्यांनी आपापले नियम एका सुरात आणले पाहिजेत. रापणकराने उपाशी राहावे, हे त्यातून निष्पन्न होत नाही. कर्जाचा प्रश्नही खरा आहे. ज्या सरकारने एके काळी मोठ्या जाळ्यांना उत्तेजन दिले त्याने आता ती घटवताना नौका बदलण्यासाठी किंवा दूरच्या समुद्रात जाण्यासाठी हात द्यावा, हे आम्हांस मान्य आहे. केंद्राच्या नव्या नियमांनी तो रस्ता काही अंशी उघडलाही आहे. दूर जाण्याची ज्याला ताकद आहे त्याला दूर पाठविणे, यात त्याचेही नुकसान नाही. आमचा विरोध त्याच्या धंद्याला नाही, तो धंदा दुसऱ्याच्या दारात मांडण्याला आहे.

आणि पारंपरिक मच्छीमारांनाही दोन शब्द ऐकावे लागतील. परंपरेचे नाव घेतले म्हणजे प्रत्येक जाळे निर्दोष ठरत नाही. बारीक आसाच्या डोलींत सरंग्याची बोटाएवढी पिल्ले टोपलीटोपलीने येतात आणि कवडीमोलाने जातात, हे किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने सरंग्याला, म्हणजे आपल्या पापलेटाला, राज्यमाशाचा मान दिला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकारमान ठरविले. हा मान त्या माशाला पाण्यात वाढू देण्यातच सार्थकी लागेल. नाहीतर राज्यमासा चित्रात आणि पिल्ले सुक्या मासळीच्या ढिगात, अशी विटंबना व्हायची. आतले पाणी राखून मागणाऱ्याने ते स्वतः राखण्याचीही तयारी दाखविली पाहिजे. सातपाटीसारख्या गावांतून सहकारी संस्थांची दीर्घ परंपरा आहे. ही शिस्त तेथूनच सुरू व्हावी. जपानने १९४९ च्या कायद्याने किनाऱ्यालगतच्या मासेमारीचे हक्क मच्छीमारांच्या स्थानिक सहकारी संस्थांच्या हाती दिले, तेव्हा हक्काबरोबर पहाराही त्यांच्याच अंगावर पडला. पाण्याचा मालक झालेला माणूस ते आपणहून जपू लागला. इंडोनेशियाने १९८० मध्ये एका फर्मानाने ट्रॉलर बंद केले, पण फर्मानामागे राखणदार नसला की काय होते याचा अनुभव त्या देशाने पुढे घेतला. आम्हांस पहिला मार्ग अधिक पसंत आहे. आमच्या किनाऱ्यावर २०१० च्या गणनेनुसार ४५६ मच्छीमार गावे आणि ८१ हजारांवर मच्छीमार कुटुंबे होती. समुद्रावर रोज जाणारे एवढे डोळे सरकारला कोणत्या ड्रोनने मिळणार?

प्रवेशाच्या नियंत्रणाचा विचार करताना आणखी एक गोष्ट नजरेआड होऊ देता कामा नये. मच्छीमाराच्या पाण्यात केवळ दुसऱ्याचे जाळेच शिरते असे नाही. बंदरे, पूल आणि रस्तेही शिरतात. वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या या बंदरासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घातला जाणार आहे. गंमत पाहा, नौकांना यंत्रे देण्याचा समारंभ आणि या बंदराची पायाभरणी एकाच दिवशी, एकाच मंडपात झाली! बंदराच्या आवश्यकतेचा वाद आम्ही येथे काढीत नाही. पण तेथील मच्छीमारांचा हक्क हा केवळ भरपाईच्या तक्त्यातील एक रकाना समजला जाऊ नये. मुंबईत वरळीच्या कोळ्यांनी किनारी रस्त्याच्या पुलाखालून होड्या जाण्यासाठी खांबांमधले अंतर वाढवून मागितले, त्यांना किती काळ झगडावे लागले! अखेर एक खांब गाळून ६० मीटरांचे अंतर १२० मीटर करण्याचे ठरले. जे शेवटी करता आले ते आरंभीच का करता येत नव्हते? कारण आराखडा काढणाऱ्याच्या लेखी त्या पाण्यावर कोणी राहतच नव्हते. जमिनीला सातबारा असतो, पाण्याला नसतो. म्हणून पाण्यावरची वहिवाट ही वहिवाट नव्हे, असे आपल्या कारभाराने गृहीत धरलेले दिसते.

तेव्हा राज्य सरकारपुढे काम आहे ते असे. किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मासेमारीसाठी राखीव असल्याचे कायद्यातच निःसंदिग्ध शब्दांत लिहावे. आज ती गोष्ट वेगवेगळ्या आदेशांत आणि अधिसूचनांत विखुरलेली आहे, आणि अधिसूचना एका सहीने बदलते. खोलीची मर्यादा शास्त्रीयदृष्ट्या योग्य असली तरी तिच्या जोडीला मैलांची मर्यादाही असावी, म्हणजे उपग्रहाच्या नकाशावर ती तपासता येईल. गुजरात, गोवा आणि कर्नाटक यांच्याशी बोलणी करून परराज्यातील नौकेने येथे गुन्हा केल्यास तिच्या मूळ बंदरातील परवान्यावर त्याची नोंद होईल अशी व्यवस्था करावी. नाहीतर सीमा ओलांडली की गुन्हा धुतला जातो. गस्तीसाठी खात्याच्या मालकीच्या, पर्ससीनहून वेगवान अशा नौका असाव्यात. आणि त्या येईपर्यंत जे आजच करता येण्यासारखे आहे ते तरी करावे. प्रत्येक बंदरावर तेथल्या परवानाधारक पर्ससीन नौकांची यादी, क्रमांक आणि मुदतीसह, लिलावाच्या जागी ठळक अक्षरांत लावावी, आणि तेथील सहकारी संस्थेच्या दोन प्रतिनिधींना खात्याच्या अधिकाऱ्याबरोबर नौकांची तपासणी करण्याचा अधिकार द्यावा. यास विधानसभेची बैठक लागत नाही की अर्थखात्याची मंजुरी लागत नाही. ३१ जुलैला बंदी उठण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय आयुक्तांनी एक परिपत्रक काढले म्हणजे पुरे.